एकट्या माणसाला खोली मिळेल का?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



संचालक मंडळानं मला ‘नोकरीतले अनुभव’ यावर वीस मिनिटं बोला म्हणून सांगितलं. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून माझी तीस वर्षं गेली. अनुभव पोतंभर आहेत. पण आज घरांच्या संस्थेचा वाढदिवस आहे, म्हणून ज्यांना घर नाही आणि घरात घेणारंही कोणी नाही, अशा एकट्या माणसांबद्दल बोलायचं ठरवलं. विषय जरा जड आहे आणि जेवणाच्या आधी आहे. त्याला माझा इलाज नाही, कार्यक्रमपत्रिका मी छापली नाही.

आपल्या पहिल्या सभासदांपैकी बरेच जण बदलीवर रिठदला आलेले. कोणी शाळेत, कोणी बँकेत, कोणी पंचायतीत. खोली शोधायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “लग्न झालं काय?” नाही म्हटलं की खोली आत्ताच दुसऱ्याला दिलेली असायची. मग कोणी शाळेच्या वर्गात बाकं जोडून झोपलं, कोणी रोज वाशिमहून ये-जा केली. त्या वैतागातूनच ही संस्था उभी राहिली असं आपले जुने सभासद सांगतात. फरक एवढाच, की त्यांच्याकडे ऑर्डर होती, पगार होता आणि गावाकडे आईबाप होते. यातलं काहीच नसलेल्या माणसानं खोली मागितली तर काय होतं, ते मी सांगणार आहे.

बेघर म्हटलं की आपल्याला मुंबईचा फुटपाथ दिसतो. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी झाली. देशात साधारण १७ लाख ७० हजार निघाले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर शहरांसाठी निवाऱ्यांची योजना आली. एक लाख लोकवस्तीमागे एक निवारा, चोवीस तास उघडा, माणशी पन्नास चौरस फूट जागा, असं कागदावर ठरलेलं आहे. आता हिशेब तुम्हीच करा. लाख वस्तीमागे एक, म्हणजे रिठद त्या हिशेबात येतच नाही. आपल्या भागातला बेघर माणूस मोजणीत सापडत नाही, कारण तो कोणाच्या तरी गोठ्यात, मंदिराच्या ओट्यावर, नाहीतर बसस्टँडच्या शेडमध्ये झोपलेला असतो. आणि गावाला तो बेघर वाटत नाही. “तो होय, तो हाये ना आपला,” एवढ्यावर विषय संपतो.

आपल्याकडचा सालगडी घ्या. पाडव्याला ठरायचा, पुढच्या पाडव्याला हिशेब व्हायचा. धान्य इतकं, पैसे इतके, वर्षाला कपड्याचे जोड. झोपायला गोठा, नाहीतर वाड्याची ढाळज. लग्न झालेलं असलं तर त्याची झोपडी गावात असायची. पण कितीतरी सालगडी एकटे राहिले. कोणाची बायको गेली, कोणाचं लग्नच झालं नाही, कोणी दुसऱ्या तालुक्यातून लहानपणी आला तो परत गेलाच नाही. चाळीस वर्षं एका वाड्यावर काढली. मग ट्रॅक्टर आला, सोयाबीन काढायला हार्वेस्टर आलं, म्हातारे मालक गेले, वाटण्या झाल्या, गोठा पाडून तिथं गाळे निघाले. गोठ्यासोबत त्याचं घरही गेलं. त्याला कोणी हाकललं नाही, हे लक्षात घ्या. कोणी वाईटही वागलं नाही. फक्त त्याचं अंथरूण जिथं होतं ती जागा राहिली नाही, आणि ती जागा त्याची होती असा एक कागद सगळ्या जगात कुठं नव्हता.

अशी माणसं मला वॉर्डात भेटायची. केसपेपरवर लिहिलेलं असायचं, ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५५, नातेवाईक नाहीत.’ पायाला जखम, नाहीतर टीबी, नाहीतर नुसती उपासमार. डॉक्टर, सिस्टर मन लावून बरं करत. सुट्टीच्या दिवशी रजिस्टरमध्ये ‘सुधारणा होऊन गेला’ असा शेरा पडायचा. कुठं गेला, याला रजिस्टरमध्ये रकाना नव्हता. महिन्याभरानं तोच माणूस, तीच जखम, आता अळ्या पडलेली. एकानं मला विचारलं, “सायेब, तुमी बरं करता मले, पन जाऊ कोठी?” पाय बरा करायचं औषध दवाखान्यात होतं, पाय ठेवायची जागा मात्र कोणत्याच दुकानात मिळत नव्हती.

मग आम्ही काय करायचो? पहिलं काम कागदाचं. ऐकायला रुक्ष वाटेल, पण सगळं तिथंच अडतं. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात, पासष्टीच्या पुढं श्रावणबाळ योजना आहे. हे पैसे मिळायला आधार लागतं, बँकेचं खातं लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो, पंधरा वर्षं राज्यात राहिल्याचा रहिवासी दाखला लागतो. रहिवासी दाखल्याला पत्ता लागतो. पत्त्याला घर लागतं. घराला भाडं लागतं. भाड्याला ते १५०० रुपये लागतात. बैल घाण्याला जुंपल्यासारखं आहे, फिरा गोल.

हा फेरा कुठून तरी तोडावा लागतो. आणि तो तुटतो, हे मी पाहिलंय. पत्त्याचा पुरावा नसेल तर सरपंचांनी ठरलेल्या नमुन्यात फोटोसह प्रमाणपत्र दिलं की आधारसाठी चालतं. मतदारयादीचं तर अजून सोपं आहे आणि फार कोणाला माहीत नाही. बेघर माणसाला राहण्याचा कागद द्यावाच लागत नाही. त्यानं अर्जात झोपायची जागा लिहायची. बीएलओनं रात्री तिथं जाऊन तो खरंच तिथं झोपतो का एवढं पाहायचं. म्हणजे निवडणूक आयोगाला शेडखाली झोपणारा माणूस रहिवासी म्हणून मान्य आहे. आपल्याला कधी होईल, बघू.

एकट्या बाईचं दुखणं आणखी वेगळं. टाकलेली, विधवा, भावानं ठेवून घेतली नाही अशी. पुरुष शेडखाली झोपतो, ती झोपू शकत नाही, म्हणून ती सारखी चालत राहते, नाहीतर रात्रभर एसटीत बसून राहते. दिसलीच अशी कोणी तर १८१ ला फोन करा. जिल्ह्याच्या ठिकाणी वन स्टॉप सेंटर असतं, तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. म्हाताऱ्या माणसांसाठी १४५६७ आहे. नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पण पाच दिवसांनी सहावा दिवस येतो, तेही डोक्यात ठेवा.

आपण वऱ्हाडातली माणसं, आपल्याला हा विषय नवा नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीनं १९०५ मध्ये घर सोडलं आणि पुढं पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई इथं दुसऱ्यांसाठी धर्मशाळा बांधत गेला. गाडगेबाबा स्वतः त्या धर्मशाळांत राहिले नाहीत, बाजूला झोपडी टाकून राहिले. आपल्या भागातला माणूस मुंबईला कॅन्सरच्या इलाजाला गेला की आजही दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत पथारी टाकतो. या सभागृहातही दोन-तीन जण असे असतील. धर्मशाळेनं किती जीव तगवले याचा हिशेब नाही. पण धर्मशाळा वाटेवरच्या माणसासाठी असते. ज्याची वाट कुठंच जात नाही, त्याला तिथं मुदत संपली की उठावं लागतं. बाबांनंतरच्या लोकांपुढं प्रश्न आला तो पुढचा. आसरा दिला, आता तो स्वतःच्या पायावर कसा उभा राहील?

याचं उत्तर शोधलेलं एक ठिकाण आपल्यापासून फार लांब नाही. अचलपूर तालुक्यात वझ्झर. तिथं शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली मतिमंद, मूकबधिर, अंध, अपंग मुलं सांभाळली. गाडगेबाबांचाच माणूस. नियमाप्रमाणे बालगृहातल्या मुलाला अठरा पूर्ण झाली की बाहेर पडावं लागतं. शंकरबाबांनी सरकारला सरळ विचारलं, ज्या मुलाला स्वतःचं नाव सांगता येत नाही ते अठराव्या वाढदिवसाला गेटच्या बाहेर जाऊन काय करणार? मुलांच्या नावापुढं बाप म्हणून त्यांनी स्वतःचं नाव लावलं, आधारकार्डापर्यंत. बघा, पुन्हा कागदच. ज्यांची होऊ शकत होती त्यांची लग्नं लावली, ज्यांना जमेल त्यांना कामाला लावलं. त्यांच्याकडं वाढलेली एक अंध मुलगी २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. मला दोन्हीपैकी मुलीची बातमी मोठी वाटते. पद्मश्री एकदा मिळते, पगार दर महिन्याला होतो.

अठरानंतर काय, हा प्रश्न सरकारलाही टाळता आला नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रानं अनाथांना नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का आरक्षण दिलं. बालगृहातून निघालेल्या मुलामुलींना एकवीस वर्षांपर्यंत मदतीची तरतूद कायद्यात आहे. तरी ती मुलं पुण्याला, अकोल्याला, वाशिमला खोली शोधायला जातात तेव्हा घरमालक विचारतो, “वडील काय करतात? त्यांना घेऊन या, मग बोलू.”

आता मनोरुग्णांबद्दल, कारण रस्त्यावर एकट्या फिरणाऱ्यांत ते बरेच असतात आणि आपण त्यांनाच जास्त भितो. १९८८ च्या सुमारास मुंबईत डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या नवरा-बायकोला एक तरुण करवंटीनं गटारीचं पाणी पिताना दिसला. उचलून दवाखान्यात नेला, औषधं दिली. बरा झाल्यावर कळलं की पॅथॉलॉजीची पदविका घेतलेला, चांगल्या घरातला मुलगा आहे. तिथून ‘श्रद्धा’ संस्था झाली, कर्जतला केंद्र झालं. हजारो लोकांना त्यांनी बरं करून, गाव शोधून, घरी नेऊन सोडलं. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. या कामातली माझी आवडती गोष्ट ही, की माणूस औषधांवर येतो आणि एक दिवस अचानक गावाचं नाव सांगतो. आमच्या वॉर्डातही असं झालंय. तीन आठवडे मुका बसलेला गडी एका सकाळी सिस्टरला म्हणाला, “आमच्या इकडं हळद निघाली असंल.” त्या एका वाक्यावरून आम्ही त्याचं गाव काढलं.

पण घरच्यांनी दार उघडलं नाही तर? तेही होतं. वाटणीत हिस्सा द्यावा लागेल, मुलीचं लग्न मोडेल, लोक काय म्हणतील. अशा माणसांनी वीस-वीस वर्षं मनोरुग्णालयात काढली आहेत, बरी होऊन. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सांगितलं, की घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणानं कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे. फार चांगला कायदा. फक्त ‘समाज’ म्हणजे कोणाची गल्ली, कोणाची सोसायटी, ते कायद्यात लिहिलेलं नाही.

चेन्नईच्या ‘बनियान’ संस्थेनं २०१५ पासून हे करून पाहिलं. रुग्णालयात, निवाऱ्यात वर्षानुवर्षं पडलेल्या बायकांसाठी त्यांनी साध्या वस्तीत साधी घरं भाड्यानं घेतली. चार-पाच जणी एका घरात, सोबतीला एक मदतनीस. स्वयंपाक, बाजार, शेजारणीशी भांडण, सगळं रीतसर. ते काम पुढं केरळ, आसाम आणि आपल्या महाराष्ट्रातही आलं. इमारत बांधली नाही, पाटी लावली नाही. ज्या गल्लीत तुम्ही-आम्ही राहतो, त्याच गल्लीत घर घेतलं.

तिकडं फिनलंडमध्ये तर सरकारनंच २००८ पासून क्रम उलटा केला. आधी दारू सोड, आधी नोकरी मिळव, आधी नीट वाग, मग घर देतो, अशी जगभरची रीत. त्यांनी म्हटलं, आधी घर घे, भाडेकरार कर, किल्ली खिशात ठेव, बाकीचं तिथं राहून बघू. मदतीचा माणूस घरी येईल. हेलसिंकीत अडीचशेच्या आसपास खाटांचा एक जुना निवारा होता. त्याच्या खाटा काढून तिथं ऐंशीएक स्वतंत्र घरं केली. १९८७ मध्ये त्या देशात १८ हजारांच्या आसपास बेघर होते, २०२३ मध्ये साडेतीन हजारांच्या जवळ आले. देश श्रीमंत आहे, थंडी जीवघेणी आहे, मान्य. त्यांची ऐपत आपल्याला आणता येणार नाही. क्रम मात्र आणता येतो, त्याला पैसे लागत नाहीत.

खोली मिळाली की सगळं झालं, असंही नाही. पहिले तीन महिने फार नाजूक. एकाला आम्ही मिनतवाऱ्या करून खोली मिळवून दिली, चौथ्या दिवशी तो परत बसस्टँडवर. विचारलं तर म्हणे, “झोप येत नाही सायेब, आवाजच नाही कोणाचा.” वीस वर्षं गर्दीत झोपलेल्या माणसाला चार भिंतींची भीती वाटते. कोणाला गॅस लावता येत नाही, कोणाला पैसे महिनाभर पुरवता येत नाहीत, पहिल्या आठवड्यात संपतात. कोणी जुन्या सोबत्यांना आणून बसवतो, दारू होते, घरमालक चिडतो. अशा वेळी आठवड्यातून दोनदा कोणी तरी “जेवला का?” म्हणून डोकावलं, बँकेत सोबत गेलं, तर गाडी रुळावर येते. त्या बसस्टँडवाल्याला शेजारच्या आजीनं रात्रीचा रेडिओ मोठ्यानं लावायला सुरुवात केली, तेव्हा कुठं झोप लागली. आजीला कमी ऐकू यायचं हे वेगळं.

आता घरचं बोलू. आपल्या संस्थेत एक अलिखित नियम आहे, ‘फक्त फॅमिलीला’. तो कोणत्याही ठरावात नाही, मी जुनी इतिवृत्तं सचिवांकडून मागून वाचली. आदर्श उपविधीतही भाडेकरू कुटुंबवालाच हवा असं म्हटलेलं नाही. सभासदानं आठ दिवस आधी संस्थेला कळवायचं, कराराची प्रत द्यायची, पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची, आणि संस्थेला ठरलेला बिनभोगवटा आकार द्यायचा, तोही सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. बाकी नियम आपण मनानं केलेला आहे.

तुमच्या शंका मला माहीत आहेत, चहाच्या टपरीवर ऐकल्यात. घरात लेकीबाळी आहेत. भाडं बुडवलं तर? मेला तर कोण उचलणार? यातल्या पहिल्या शंकेला मी हसत नाही. ती खरी आहे, आणि म्हणूनच अनोळखी माणूस आणू नका म्हणतो. ज्याला पाच-दहा वर्षं गाव ओळखतं, त्याच्यापासून सुरुवात करा. भाड्यासाठी दोन सभासदांनी हमी घ्यावी. पहिली सही माझी. आणि मेला तर? गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या इथं जेवढे गेले त्यांना आपणच उचललं, भाडेकरू असो की मालक. एक खांदा अजून.

पाण्याच्या टाकीजवळची जुन्या ऑफिसची खोली आपण सगळे ओळखतो. नवं ऑफिस झाल्यापासून तिच्यात गणपतीच्या मांडवाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या आहेत. दहा बाय बारा, वीज आहे, नळ बाहेर आहे, संडास वॉचमनसोबत वापरता येईल. ती अकरा महिन्यांच्या करारानं एका एकट्या माणसाला द्यावी, असं माझं म्हणणं आहे. फुकट नको. भाडं महिना ५०० रुपये, पावतीसह. पावतीवर त्याचं नाव आणि संस्थेचा पत्ता. त्या पावतीपासून त्याचे बाकीचे कागद सुरू होतील. माणूस कोण ते मी आज बोलत नाही, बाजारात झाडलोट करणारा आहे, तुम्ही रोज बघता. त्याला विचारलंय. म्हणाला, “भाडं देईन, पन कुलूप माह्यं राहीन.”

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. हा विषय सभेपुढं ठेवण्याचा अर्ज मी सचिवांकडं दिला आहे, पोचही घेतली आहे. विरोधात बोलायचं असेल त्यांनी जरूर बोलावं, पण सभेत बोलावं, टपरीवर नको. आणि ठराव झालाच तर बांबू कुठं ठेवायचे, ते गणेश मंडळानं आत्तापासून पाहून ठेवावं.